अनुपमाबाई आणि होळीवर चढलेला ढोल

पोरांना भांडणं मिटवायला शिकवणारी बाई आमच्या गावात पहिल्यांदा उतरली ती एस्टीच्या कंडक्टरशी भांडतच. मी शाळेच्या शेडमध्ये खिचडीचे तांदूळ निवडत होते, तिथपर्यंत आवाज येत होता. "थांबा इथे आहे ना? मग गाडी इथे थांबायला हवी. पुढच्या वळणावर कशाला?" कंडक्टर काय बोलणार? त्यानं घंटी मारली नि गाडी वरंधच्या बाजूला पळवली. मागं धुरळ्यात ही उभी. हातात दोन पिशव्या नि नाकाचा शेंडा लालेलाल. मी मनात म्हटलं, आली गो बाई, आता शाळेत मज्जा.

तीच आमची अनुपमाबाई. आठवीला मराठी शिकवते, नववीला इतिहास, आणि शनिवारी शेवटच्या तासाला सगळ्या वर्गांना मिळून भांडण. म्हंजे भांडण मिटवायला शिकवते, पण पोरं त्याला "भांडणाचा तास" म्हणतात नि मी पण तेच म्हणते. तिनं त्याचं नाव ठेवलंय "समेट". फळ्यावर झोकदार अक्षरात लिहून जाते. सोमवारी बघावं तर कोणीतरी त्याचं "समोसे" केलेलं असतं.

राहते माझ्याच घराच्या मागच्या खोलीत. शनिवारी शाळा सुटली की एस्टी पकडून तुडीलला, नवऱ्याच्या घरी. नवरा महाडला एमआयडीसीत कामाला हाय, शांत माणूस. मी एकदा विचारलं, "काय गो बाई, नवऱ्याशी भांडतेस का?"

"भांडते की, शकूआत्या."

"मग समेट कोण करतं?"

"तो चहा करतो."

हे असलं डोक्यात कुठून आलं म्हणून मी तिला खोदून खोदून विचारलंय. माहेर तिचं महाडचं. बाप कोर्टात कारकून. लहानपणी ही रोज दुपारी बापाचा डबा घेऊन कोर्टात जायची. तिथं पोलादपूरकडचे दोघे भाऊ तारखेला यायचे. एका फणसाच्या झाडावरून केस. एकाच एस्टीनं यायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे, पाठीला पाठ लावून. जज्जसाहेब रजेवर असला की एकाच एस्टीनं परत जायचे. हिनं परकर सावरून एकदा थोरल्याला विचारलं, "काका, तुमच्या भावाचं म्हणणं काय आहे?" त्यानं म्हणे मागं वळून भावाच्या पाठीकडं बघितलं. मग म्हणाला, "वकिलाला विचार, बाय." भावाचं म्हणणं काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. अनुपमाबाई सांगते, "शकूआत्या, तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही."

पुढं मास्तरीण झाली, कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली नि आमच्या शाळेत हा तास काढला. रीत एकच. जे दोघं भांडले त्यांनी एका गोणपाटावर बसायचं. आपलं सांगायचं नाय. आधी दुसऱ्याचं सांगायचं, आणि तो "हो, असंच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. बाईनं मधे बोलायचं नाय, निकाल द्यायचा नाय. शेवटी एवढंच विचारायचं, "आता काय?"

पहिले काही शनिवार नुसता तमाशा. एक पोरगा म्हणाला, "बाई, त्याचं म्हणणं हाय की मी गाढव हाय." समोरचा लगेच, "हो, असंच." सगळा वर्ग लोळला. ही चिडली, नाक लाल, आणि चिडली म्हणून स्वतःच जाऊन गोणपाटावर बसली. "माझं म्हणणं कोण सांगणार?" सातवीतल्या एका चिमुरडीनं सांगितलं, "बाईंचं म्हणणं हाय की आम्ही हसतो तेव्हा त्यांना वाटतं त्या उगाच आल्या इथं." बाई म्हणाली, "हो, असंच." तेव्हापासून तास रुळावर आला.

आता खरी गोष्ट सांगते.

आमच्या शाळेत वरच्या वाडीची पोरं येतात नि खालच्या वाडीची. वाड्या दोन, पालखी एक. शिमग्याला देवीची पालखी वरून निघते, खाली येते, खेळे म्हंजे सोंगं घेतलेली माणसं नाचतात. पालखीपुढं वाजतो तो महिपतीबाबाचा ढोल. वरच्या वाडीतला हा म्हातारा, बायको गेलेली, लेक-सून मुंबईला, घरात तो नि नातू विनीत. ढोल त्याच्या बापानं फणसाचं खोड कोरून केलेला. ह्या वर्षी उंदरांनी चामडं कुरतडलं, म्हणून जुनं काढून टाकलं, नवं भिजत घातलं, आणि मधला नुसता पोकळ लाकडी भाग तेल लावून पडवीत आडवा ठेवला. ह्याच ढोलावर यंदा विनीतला हात शिकवायचा असं ठरलेलं. पोरगं आठवडाभर पाटावर, डब्यावर, माझ्या खिचडीच्या टोपावर बडवत होतं.

शिमग्याआधी लाकडं पळवायची आमच्याकडं रीत हाय. पोरं रात्री निघतात, दुसऱ्या वाडीतलं ज्याचं जे सापडेल ते लाकूड उचलतात, आपल्या होळीवर टाकतात. त्याला चोरी म्हणायचं नाय. घरमालकानं सकाळी दोन शिव्या हासडायच्या नि गप्प बसायचं. आणि एक नियम, तो कोणी मोडत नाय. एकदा लाकूड होळीवर चढलं की ते होळीचं. उतरवलं तर उतरवणाऱ्याच्या घराला वर्षभर दोष.

तर खालच्या वाडीचा रितेश अंधारात महिपतीबाबाच्या पडवीत शिरला नि ओंडका म्हणून तो ढोल उचलून होळीवर टाकून आला.

हा रितेश नि विनीत बालवाडीपासूनचे जोडीदार. कबड्डीत एक चढाई करतो, दुसरा पकड करतो. डबा एक, पुस्तकं एक, सर्दीसुद्धा एकाच वेळी होते. सकाळी विनीत उठतो तर पडवी रिकामी. शोधत शोधत खाली गेला, तर होळीच्या ढिगावर वरतीच ढोल आडवा पडलेला. कोणी टाकला ते लपून राहिलं नाय. दुपारी माझ्या खिचडीच्या रांगेत त्यानं भरलेलं ताट रितेशच्या अंगावर फेकलं. गरम खिचडी. मी पळत गेले नि दोघांच्या बखोट्याला धरलं. रितेश नुसता म्हणतोय, "मला ओंडका वाटला रे." विनीत त्याच्याकडं बघत पण नाय.

मग मोठी माणसं मधे पडली, म्हंजे संपलंच. खालच्या वाडीचा अध्यक्ष हैबती, रितेशचा आजा. रितेशचा बाप पण मुंबईलाच. हैबती होळीच्या माळावर उभा राहून म्हणाला, "वाईट झालं. पण होळीवर चढलेलं उतरवायचं नाय. माझ्या हयातीत नाय झालं, होणार पण नाय." वरच्या वाडीनं कळवलं, ढोल जळला तर पालखी खाली उतरणार नाय. कोणीतरी ढोलाचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मुंबईकरांना काय, तिकडं बसून अंगठ्यानं लढायचं. "इज्जत का सवाल है", "आने दो हमको गाँव में". मी लिहिलं, "येताना डालडा आणा, पुरणपोळीला लागतो."

महिपतीबाबा मात्र भिजत घातलेल्या चामड्याच्या बादलीशेजारी बसून राहिला. भाकरी पुढ्यात तशीच. विनीतला एवढंच म्हणाला, "माझं वाजवणं झालं रे बाबा. तू आता अभ्यास कर." झालं. पोरानं ते ऐकलं नि शाळेत येऊन बाकावर डोकं टेकलं.

रविवारी संध्याकाळी होळी पेटणार. शनिवारी सकाळी हेडसरांनी बाईला बोलावलं. मी चहा घेऊन गेले होते म्हणून ऐकलं, मुद्दाम नाय. म्हंजे थोडं मुद्दाम.

"बाई, हा गावकीचा विषय आहे. आजचा तास घेऊ नका. शाळेत नको हे."

"सर, ते शाळेत आलंय. खिचडीच्या रांगेत."

"उद्या गावानं मला विचारलं तर?"

"माझं नाव सांगा," म्हणाली नि चहा न पिताच निघाली. तो मी प्यायले.

शेवटच्या तासाला मी वर्गाच्या खिडकीत जाऊन उभी राहिले, हातात खिचडी वाढायचा डाव तसाच. गोणपाट अंथरलेलं. दोघं बसले, पण मधे हातभर जागा सोडून. दोन्ही वाड्यांची पोरं समोरासमोरच्या भिंतींना टेकून.

"रितेश, तू विनीतचं सांग," बाई म्हणाली.

"त्याचा ढोल गेला. त्याला राग आला."

"नाय," विनीत म्हणाला. "असं नाय."

"त्याच्या आज्याचा ढोल गेला. आजा जेवत नाय."

"नाय."

रितेशनं गोणपाटाचा दोरा ओढायला सुरुवात केली. ओढतोय, ओढतोय. मला तर वाटलं खिडकीतून आत जाऊन मीच सांगावं. मग तो खाली बघूनच म्हणाला, "त्याला वाटतंय मी मुद्दाम नेला. कारण मागल्या शिमग्याला मी त्याला बोललेलो, तुझा आजा म्हातारा झाला, आता ढोल बंद करा, बेंजो आणा. सगळ्यांसमोर बोललेलो. तो हसला होता तेव्हा, पण त्याला लागलं होतं."

विनीतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हो," म्हणाला, "असंच."

"आता तू त्याचं सांग."

विनीतनं बाहीनं नाक पुसलं. "त्याला कुठं लाकूड मिळत नव्हतं. वरच्या वाडीत सगळ्यांनी आत ठेवलेली. पोरं हसत होती, मुंबईवाल्या बापाचा लाडका, ह्याला लाकूड पण उचलता येत नाय म्हणून. मग जे हाताला लागलं ते घेऊन पळाला."

"अजून हाय," रितेश म्हणाला.

"मग टाकल्यावर त्याला कळलं असणार, काय टाकलं ते."

"हो."

"पण बोलला नाय. भ्याला. आज्याला भ्याला."

"नाय."

"गावाला भ्याला."

"नाय रे."

विनीत त्याच्याकडं बघायला लागला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं त्यानं. आणि हळू म्हणाला, "मला?"

"हो," रितेश म्हणाला. "असंच."

माझ्या हातातला डाव खिडकीच्या गजावर वाजला. सगळी पोरं वळली. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघताय, तिकडं बघा."

"आता काय?" बाईनं विचारलं.

वरच्या वाडीची सलोनी, ती पोरगी म्हंजे चालतं-बोलतं कोर्ट. तिनं लगेच हात वर केला. "बाई, तुम्हीच जाऊन उतरवा ना. तुम्ही गावच्या नाय. तुम्हाला दोष लागायचा नाय."

खरं सांगते, अनुपमाबाई उठली. पायात चप्पल सरकवली. नाक बघितलं मी, लाल. दारापर्यंत गेली. मी म्हटलं, गेली ही आता, हैबतीच्या डोळ्यांदेखत ओढून काढते ढोल. चौकटीला हात लावून तशीच उभी राहिली. मग परत आली, चप्पल काढली, बसली.

"मी उतरवला तर पुढच्या शिमग्याला कोणाच्या अंगावर ताट फेकाल?" म्हणाली. "तुम्हीच सांगा काय करायचं ते."

रितेश म्हणाला, "होळीचं लाकूड कमी करायचं नसतं. मी माझी बॅट टाकतो. पप्पांनी आणलेली. ती घ्या, ढोल द्या."

"बॅट टाकलीस तर आपण खेळायचं कशानं, माझ्या टाळक्यानं?" विनीत म्हणाला. नि वर्गात हसू फुटलं, दोन्ही भिंतींकडून.

सलोनी म्हणाली, "बॅट कशाला? आम्ही वरची पोरं लाकडं देतो. घरची. मागून आणतो आणि देतो. होळीला जास्तच होतील."

"आणि उतरवायचा कोणी?" कोणीतरी विचारलं. दोष म्हंजे काय खेळ नाय, पोरं भितात, आपण पण भितो.

"आम्ही दोघं," विनीत म्हणाला. "एक टोक ह्याचं, एक माझं. जो काय दोष असेल तो अर्धा अर्धा."

"अर्धा म्हंजे सहा महिने," रितेश म्हणाला. "चालेल."

बाईनं फळ्याकडं तोंड फिरवलं. खडू शोधत होती म्हणे. खडू हातातच होता.

पण हैबतीला कोण सांगणार? पोरांची वरात निघाली खालच्या वाडीला, मागं बाई, तिच्यामागं मी. तुडीलची एस्टी समोरून गेली, बाईनं हात पण केला नाय. हैबती ओट्यावर बसून होळीचा दोर वळत होता. रितेशनं सगळं सांगितलं. हैबतीनं ऐकून घेतलं नि म्हणाला, "शाळेत हेच शिकवतात काय आता? नाय म्हंजे नाय."

सलोनी पुढं झाली. "आजोबा, तुमचं नंतर सांगा. आधी महिपतीबाबाचं सांगा."

"काय सांगू?"

"त्यांचं म्हणणं काय हाय ते."

हैबतीनं बाईकडं बघितलं. ही झाडाकडं बघतेय. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांग ना हैबती. एवढा अध्यक्ष झालास, शेजाऱ्याचं म्हणणं ठाऊक नाय तुला?"

हैबतीनं दोर मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "महिपतीला वाटत असेल, ढोल जळाला तर बाप दुसऱ्यांदा जळाला." दोराचा पीळ उलगडला. "आणि वाटत असेल, हैबती मुद्दाम नाय म्हणतोय."

"मग?" सलोनी सोडते काय.

"मग काय? मागं महिपतीच्या वाडीनं पालखी खाली उशिरा आणली, जेवणं थंड झाली, पाव्हणे निघून गेले. ते माझ्या मनात हाय." आणि दोराकडं बघत म्हणाला, "थोडं मुद्दामच म्हणतोय."

त्याची सून दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. हैबती उठला, टोपी झटकली. "दोषाचं मला सांगू नका. होळीला लाकूड कमी पडता कामा नये, एवढं बघा. आणि लाकडं उजेडात आणा, सगळ्यांना दिसू द्या."

मग आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. भर दुपारी वरच्या वाडीची पोरं डोक्यावर लाकडं घेऊन खालच्या होळीला चालली. आयांनी स्वतः काढून दिलेली. एका म्हातारीनं तर जुनं मुसळ दिलं. आठवण म्हणून ठेवलेलं, वर म्हणाली, "कांडायला आता कोण बसलंय? जाऊ दे देवीला." पोरांनी लाकडं ढिगावर रचली. मग विनीत नि रितेश वर चढले. दोघांनी होळीला हात जोडले. रितेशचे ओठ हलत होते, काय बोलला ते देवीला नि त्याला ठाऊक. एक टोक ह्यानं धरलं, एक त्यानं. उतरताना रितेशचा पाय सटकला नि ढोलासकट दोघं खाली घसरले, पण ढोल काय सोडला नाय. ढोपरं सोलवटली. मी म्हटलं, "झाला रे, वर्षाचा दोष इथंच फिटला."

महिपतीबाबा बादलीशेजारीच होता. पोरांनी ढोल त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं आधी हातच लावला नाय. मग बोटानं काठ चाचपला, सगळीकडून, आतून पण. एका जागी टवका उडालेला. तिथं बोट थांबलं.

"कोणी नेलेला?"

"मी, बाबा," रितेश म्हणाला.

"पोकळ लाकूड, हलकं नाय लागलं? ओंडका असा असतो काय रे?"

"घाईत होतो."

म्हाताऱ्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग बादलीतलं चामडं काढलं, झटकलं, पाणी रितेशच्या तोंडावर उडालं. "बस इथं. हा काठ धर. सुटला तर बघ. विनीत, दोरी घे."

ती दुपार तिघं ढोलावर चामडं ताणत बसली. काठ रितेशच्या हातात, दोरी विनीतच्या, शिव्या म्हाताऱ्याच्या तोंडात. बाई पायरीवर बसून होती. मी महिपतीबाबाची भाकरी गरम करून आणली नि त्यानं ती काठ चाचपता चाचपता खाल्ली, अख्खी. बाईनं नवऱ्याला फोन लावला. "आज येत नाही. हो, जेवले. नाही, कुणाशी भांडले नाही." मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "पाव्हणं, उद्या तुम्हीच इकडं या, पुरणपोळी खायला." आला बिचारा.

रविवारी ढोल दिवसभर उन्हात वाळला. संध्याकाळी पालखी खाली आली ती वेळेवर. जेवणं गरम होती, हैबती जाऊन स्वतः बघून आला. होळीपुढं माणसं गोळा झाली. बायांच्या घोळक्यात अनुपमाबाई, शेजारी तिचा नवरा पोळीचं ताट सांभाळत. महिपतीबाबानं ढोल गळ्यातून काढला नि विनीतच्या गळ्यात घातला. पोरगं वजनानं पुढं कललं. रितेशनं मागून पट्टा धरला.

विनीतनं टिपरी मारली. आवाज आला तो थोडा बसका. चामडं नवं, हात नवा. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पोराचा चेहरा पडला. मी बाईला कोपरानं ढोसलं, म्हटलं, काहीतरी बोल गो. तिचं लक्षच नव्हतं. तिचे डोळे त्या पट्टा धरलेल्या हातावर.

महिपतीबाबा खाली बसला, कान पुढं केला.

"पुन्हा," म्हणाला.

विनीतनं पुन्हा वाजवला.